वृत्तपत्रांचे गैरवर्तन आणि सार्वजनिक चौकशी : कोल्हापूर खटला (१८८२) ते 'पेड न्यूज' अहवाल (२०१०)

प्रस्तावना

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकर यांनी 'दर्पण' सुरू केले. तेव्हापासून वृत्तपत्र हे लोकशिक्षणाचे व सत्तेवर अंकुश ठेवण्याचे साधन आहे, ही धारणा महाराष्ट्रात दृढ झाली. या धारणेला इतिहासाचा भक्कम आधार आहे, यात शंका नाही. तथापि अंकुश ठेवणाऱ्या संस्थेकडूनच प्रमाद घडला तर त्याची चौकशी कोणी करावी, कशी करावी आणि तिचा निष्कर्ष कोणापर्यंत पोहोचावा, हा प्रश्नही तितकाच जुना आहे. मराठी पत्रकारितेच्या इतिहासलेखनात राजद्रोहाच्या खटल्यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे या प्रश्नाला मिळालेले नाही.

इंग्लंडमध्ये 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या साप्ताहिकाने लोकांच्या मोबाइलवरील ध्वनिसंदेश चोरून ऐकल्याचे प्रकरण २०११ मध्ये जगभर गाजले. त्यानंतर नेमलेल्या लेव्हसन चौकशीमुळे हा प्रश्न नव्याने चर्चेत आला. भारतात अगदी तशी घटना वृत्तपत्रांकडून घडल्याची नोंद ठळकपणे आढळत नाही. परंतु दुसऱ्याचा खाजगी मजकूर हाती पडला म्हणून तो छापणे आणि त्याचे परिणाम भोगणे, हा अनुभव मराठी वृत्तपत्रसृष्टीने १८८२ मध्येच घेतला होता. प्रस्तुत लेखात कोल्हापूर खटला, प्रेस आयोग व प्रेस कौन्सिल आणि 'पेड न्यूज'विषयक अहवाल हे तीन टप्पे अभ्यासले असून त्यांची तुलना इंग्लंडमधील घटनांशी केली आहे.

कोल्हापूर खटल्याची पार्श्वभूमी

१८८० च्या सुमारास दक्षिण महाराष्ट्राचा राजकीय नकाशा तुकड्यातुकड्यांचा होता. कोल्हापूरचे छत्रपतींचे राज्य, पटवर्धनांची सांगली, मिरज, जमखिंडी ही संस्थाने आणि त्यांच्यामध्ये विखुरलेला ब्रिटिश मुलूख अशी ती रचना होती. आज सोलापूर जिल्ह्यात असलेला मंगळवेढा तालुका त्या वेळी सांगली संस्थानात होता, तर शेजारचे पंढरपूर ब्रिटिश अमलाखाली होते. कोल्हापूर आणि दक्षिणेकडील ही मराठी संस्थाने यांवर कोल्हापूर येथील पोलिटिकल एजंटाची देखरेख असे. संस्थानाच्या हद्दीत राहून संस्थानी कारभाराविरुद्ध उघडपणे लिहिणे सोपे नव्हते. त्यामुळे मंगळवेढ्यासारख्या संस्थानी गावांतील असो वा खुद्द कोल्हापुरातील असो, सुशिक्षित माणसाला आपली तक्रार मांडण्यासाठी पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांकडे पाहावे लागे. संस्थानांतील बातमी पुण्यात छापली जाई. मात्र ती पडताळून पाहण्याची सोय पुण्यात नसे. कोल्हापूर प्रकरणाचे मूळ या परिस्थितीत आहे.

२ जानेवारी १८८१ रोजी इंग्रजी 'मराठा' आणि ४ जानेवारी १८८१ रोजी 'केसरी' सुरू झाला. 'केसरी'चे संपादन गोपाळ गणेश आगरकर यांच्याकडे व 'मराठा'चे बाळ गंगाधर टिळक यांच्याकडे होते. दोघेही पंचविशीच्या आसपासचे तरुण होते. एक वर्षापूर्वी विष्णुशास्त्री चिपळूणकरांसह त्यांनी न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना केली होती. संस्थानांचा कारभार हा या पत्रांच्या आस्थेचा विषय होता.

कोल्हापूरच्या गादीवर त्या वेळी चौथे शिवाजी महाराज होते. राजाराम महाराजांचे १८७० मध्ये फ्लॉरेन्स येथे निधन झाल्यानंतर त्यांना दत्तक घेण्यात आले होते. महाराजांचे मानसिक स्वास्थ्य बिघडल्याचे सरकारकडून सांगितले जात होते. त्यांना मिळणाऱ्या वागणुकीमुळेच ही अवस्था झाली, असा लोकांत प्रवाद होता. कारभारी माधवराव बर्वे यांच्याविषयी रोष वाढत होता. छत्रपतींच्या वंशजाचा छळ होत आहे ही भावना तीव्र असल्याने 'केसरी' व 'मराठा' यांनी हा विषय हिरिरीने हाती घेतला.

पत्रे, खटला व शिक्षा

याच सुमारास बर्वे यांनी लिहिली म्हणून सांगितली जाणारी काही पत्रे पुढे आली. महाराजांविरुद्धच्या कारस्थानात कारभाऱ्यांचा हात असल्याचे त्या पत्रांवरून दिसत होते. प्रवादाला कागदोपत्री आधार मिळाला असे संपादकांना वाटले आणि त्यांनी त्या आधारे कठोर लेखन केले. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फौजदारी फिर्याद दाखल केली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. सुनावणीत ती पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले. टिळक व आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त केली. तरीही १७ जुलै १८८२ रोजी त्यांना प्रत्येकी चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढल्यानंतर २६ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांची सुटका झाली.

या घटनाक्रमात तीन बाबी विशेष लक्षात घेण्यासारख्या आहेत.

पहिली बाब कायद्याची आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ४९९ अन्वये, आरोप खरा असेल आणि तो लोकहितार्थ प्रसिद्ध केला असेल, तर ती अब्रुनुकसानी ठरत नव्हती. म्हणजे संपादकाला बचाव उपलब्ध होता. परंतु त्यासाठी आरोपाची सत्यता सिद्ध करावी लागे. पत्रे बनावट ठरताच हा बचाव कोसळला. सद्भावनेने लिहिले, असे म्हणण्यालाही मर्यादा होती. त्याच संहितेच्या कलम ५२ नुसार योग्य काळजी व लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेने केलेली मानली जात नव्हती. हेतू शुद्ध असल्याने काळजी घेण्याची जबाबदारी टळत नाही, हे तत्त्व कायद्यात आधीपासूनच होते. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असली, तरी हे तत्त्व कायम आहे.

दुसरी बाब काळाची आहे. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ मध्ये देशी भाषांतील वृत्तपत्रांवर लादलेला कायदा लॉर्ड रिपन यांच्या काळात, १८८२ मध्येच, रद्द झाला. सरकारी जाच दूर होत असतानाच वृत्तपत्राच्या जबाबदारीची परीक्षा न्यायालयात झाली. स्वातंत्र्य आणि उत्तरदायित्व हे दोन्ही प्रश्न मराठी वृत्तपत्रांपुढे एकाच वर्षी उभे राहिले.

तिसरी बाब सर्वांत गुंतागुंतीची आहे. महाराजांविषयीची काळजी निराधार नव्हती. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगर येथे देखरेखीखाली असताना, ग्रीन नावाच्या युरोपियन शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर चौथे शिवाजी महाराज मृत्यू पावले. संपादकांना वाटणारी भीती या दुर्दैवी घटनेने एका अर्थी खरी ठरवली. पण भीती खरी ठरली म्हणून पत्रे खरी ठरत नाहीत. कळकळ रास्त आणि पुरावा खोटा, अशी ही अवस्था होती. किंबहुना कळकळ रास्त असल्यामुळेच पुरावा तपासण्याची गरज संपादकांना पुरेशी जाणवली नसावी. मनाने आधीच मान्य केलेली गोष्ट कागदावर दिसली की माणूस तो कागद उलटून पाहत नाही.

स्मृतीतून गळालेला धडा

शिक्षेनंतर या दोघांविषयी लोकांत सहानुभूतीची लाट उसळली. महात्मा जोतीराव फुले यांचे 'केसरी'कारांशी तीव्र वैचारिक मतभेद होते. तरीही त्यांनी आपले स्नेही रामशेठ उरवणे यांच्यामार्फत जामिनाची व्यवस्था केली. मतभेद बाजूला ठेवून दाखवलेले हे औदार्य महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील मोलाचा प्रसंग होय. सुटकेनंतर आगरकरांनी 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे पुस्तक लिहिले.

ही स्मृती मुख्यतः तुरुंगवासाची आहे. पुढे १८९७ आणि १९०८ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचे खटले झाले व त्यांना दीर्घ शिक्षा भोगाव्या लागल्या. त्या प्रखर प्रकाशात १८८२ चा खटलाही 'पहिला तुरुंगवास' म्हणून त्याच मालिकेत जाऊन बसला. वस्तुतः या खटल्यांचे स्वरूप भिन्न आहे. १८९७ व १९०८ मध्ये सरकारला मत असह्य झाले होते. १८८२ मध्ये एका व्यक्तीविरुद्ध छापलेला पुरावा खोटा निघाला होता. पहिल्या प्रकारात लेखणीवर अन्याय झाला, तर दुसऱ्या प्रकारात लेखणीकडून अन्याय घडला. हा भेद पुसला गेल्याने तुरुंगवास लक्षात राहिला आणि न्यायालयीन चौकशीतून मिळालेला पडताळणीचा धडा मागे पडला. दोघांनी चूक उघड होताच दिलगिरी व्यक्त केली, ही त्यांच्या थोरवीची खूणही या विस्मरणात झाकली गेली.

प्रेस आयोग ते प्रेस कौन्सिल

न्यायालयीन खटला एका प्रकरणापुरता असतो. संपूर्ण वृत्तपत्रसृष्टीच्या व्यवहाराची तपासणी करण्यासाठी वेगळी यंत्रणा लागते. इंग्लंडमध्ये १९४७ ते १९४९ या काळात अशी चौकशी शाही आयोगाने केली. स्वतंत्र भारतात सप्टेंबर १९५२ मध्ये पहिला प्रेस आयोग नेमण्यात आला. त्याचे अध्यक्षपद न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष या मराठी न्यायाधीशांकडे होते. आयोगाने १९५४ मध्ये अहवाल सादर केला. मालकी, जाहिराती, पत्रकारांच्या सेवाशर्ती आणि वृत्तपत्रीय नीती या सर्वांचा त्यात परामर्श होता. श्रमिक पत्रकारांसाठीचा १९५५ चा कायदा, १९५६ मध्ये सुरू झालेले वृत्तपत्र निबंधक कार्यालय आणि प्रेस कौन्सिलची कल्पना ही या अहवालाची फलिते होत.

प्रेस कौन्सिल १९६५ च्या कायद्याने स्थापन झाले व ४ जुलै १९६६ पासून कार्यरत झाले. त्याचे पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर हेही विदर्भातील मराठी होते. आणीबाणीत हे कौन्सिल बरखास्त झाले. १९७८ च्या नव्या कायद्यान्वये १९७९ मध्ये ते पुन्हा अस्तित्वात आले.

या कायद्याचे कलम १४ महत्त्वाचे आहे. वृत्तपत्राने नीतीचा भंग केल्याचे चौकशीअंती आढळल्यास कौन्सिल त्याला ताकीद देऊ शकते, समज देऊ शकते अथवा त्याच्या वर्तनाचा निषेध नोंदवू शकते. दंड वा कैद करण्याचा अधिकार त्याला नाही. कलम १५ नुसार साक्षीदारांना बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. परंतु बातमीचा स्रोत उघड करण्याची सक्ती करता येत नाही. वृत्तपत्रस्वातंत्र्य सरकारच्या हाती जाऊ नये, हा यामागील विचार योग्यच आहे. मात्र दंडाचा अधिकार नसलेल्या संस्थेचे एकमेव शस्त्र म्हणजे प्रसिद्धी. तिचा निष्कर्ष वाचकांपर्यंत पोहोचला नाही, तर त्या चौकशीला काही अर्थ उरत नाही.

'पेड न्यूज' : चौकशी झाली, अहवाल अडला

या मर्यादेचा प्रत्यय २०१० मध्ये आला. ऑक्टोबर २००९ मध्ये महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यातील भोकर मतदारसंघातून उमेदवार होते. निवडणुकीच्या काळात काही मोठ्या मराठी दैनिकांत त्यांच्या कारकिर्दीचा गौरव करणारी पानेच्या पाने बातमीच्या स्वरूपात प्रसिद्ध झाली. वेगवेगळ्या दैनिकांत तोच मजकूर शब्दशः सारखा आढळल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मधून दाखवून दिले. उमेदवाराने निवडणूक खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींसाठी ५,३७९ रुपये दाखवले होते. पैसे देऊन बातम्या छापून घेतल्याचा आरोप चव्हाण यांनी नाकारला. संबंधित वृत्तपत्रांनीही तो मजकूर जाहिरात नसल्याची भूमिका घेतली.

हे प्रकरण पुढे दीर्घकाळ चालले. ५ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, खर्चाचा हिशेब खरा आहे की नाही हे तपासण्याचा निवडणूक आयोगाला अधिकार असल्याचा निर्णय दिला. जुलै २०१४ मध्ये आयोगाने चव्हाण यांना कारणे दाखवा नोटीस दिली. सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. येथे एक विसंगती स्पष्ट दिसते. कायद्याच्या कक्षेत उमेदवाराचा खर्च येत होता; वृत्तपत्राचे वर्तन येत नव्हते. बातमी विकली गेली असेल तर घेणाऱ्याची चौकशी शक्य होती. विकणाऱ्याची चौकशी केवळ प्रेस कौन्सिल करू शकत होते.

कौन्सिलने २००९ मध्ये परंजय गुहा ठाकुरता व के. श्रीनिवास रेड्डी या दोन सदस्यांची उपसमिती नेमली होती. तिने पत्रकार, उमेदवार व वृत्तपत्रांचे प्रतिनिधी यांच्याकडून माहिती घेऊन सुमारे सत्तर पानांचा अहवाल तयार केला. त्यात वृत्तपत्रांची नावे व त्यांच्यावरील आरोप तपशीलवार होते, त्यांचे खुलासेही होते. परंतु ३० जुलै २०१० रोजी कौन्सिलने तो जसाच्या तसा प्रसिद्ध न करता एक संक्षिप्त अहवाल स्वीकारला. मूळ अहवाल माहिती अधिकाराखाली मागितला गेला. केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये तो लोकांसमोर आला. इतरांचे अहवाल दडपले जाऊ नयेत म्हणून झगडणाऱ्या व्यवसायाविषयीचाच अहवाल माहिती अधिकाराचा आधार घेऊन बाहेर काढावा लागला, ही बाब विचार करायला लावणारी आहे.

लेव्हसन चौकशीशी तुलना

इंग्लंडमधील घटनाक्रम याच काळातला आहे. 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'चा एक वार्ताहर व एक खाजगी गुप्तहेर यांना राजघराण्याशी संबंधित व्यक्तींचे ध्वनिसंदेश चोरून ऐकल्याबद्दल जानेवारी २००७ मध्ये कैद झाली. हा एका माणसाचा अपराध असल्याचे वृत्तपत्राने सांगितले. जुलै २००९ मध्ये 'द गार्डियन'ने हा प्रकार व्यापक असल्याचे उघड केले. त्यानंतर नोव्हेंबर २००९ मध्ये तेथील वृत्तपत्रांच्याच प्रेस तक्रार आयोगाने नवा पुरावा नसल्याचा निर्वाळा दिला. २०११ मध्ये तो मागे घ्यावा लागला. खून झालेल्या एका शाळकरी मुलीच्या मोबाइलवरील संदेशही ऐकले गेल्याचे जुलै २०११ मध्ये प्रसिद्ध होताच जनक्षोभ उसळला आणि १८४३ मध्ये सुरू झालेले ते साप्ताहिक १० जुलै २०११ रोजी बंद पडले.

त्यानंतर नेमलेल्या लॉर्ड न्यायमूर्ती लेव्हसन यांच्या चौकशीचे कामकाज उघडपणे चालले व दूरचित्रवाणीवरून दाखवले गेले. पंतप्रधान, संपादक, वृत्तपत्रमालक आणि बळी ठरलेले सामान्य नागरिक अशा तीनशेहून अधिक जणांनी प्रत्यक्ष साक्ष दिली. २९ नोव्हेंबर २०१२ रोजी सुमारे दोन हजार पानांचा अहवाल प्रसिद्ध झाला. ही चौकशीही अपूर्णच राहिली. वृत्तपत्रे व पोलीस यांच्या संबंधांची तपासणी करणारा दुसरा भाग मार्च २०१८ मध्ये सरकारने रद्द केला. तरीही पहिल्या भागातील साक्षी नागरिकांनी स्वतः ऐकल्या होत्या. हा फरक मूलभूत आहे.

भारतात दूरध्वनी चोरून ऐकण्याच्या तक्रारी प्रामुख्याने शासनयंत्रणेविरुद्ध झाल्या. १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनीवरील संभाषण हा खाजगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे सांगून शासनाच्या अधिकारावर बंधने घातली. नोव्हेंबर २०१० मध्ये नीरा राडिया यांची शासनाने ध्वनिमुद्रित केलेली संभाषणे नियतकालिकांत प्रसिद्ध झाली, तेव्हा दोन प्रश्न एकत्र आले. एक, दुसऱ्याने चोरून ऐकलेला मजकूर छापावा काय. दोन, त्या संभाषणांत पत्रकारांचेच आवाज असतील तर त्यांची चौकशी कोणी करावी? ज्या वर्षी 'पेड न्यूज'चा मूळ अहवाल बाजूला ठेवला गेला, त्याच वर्षी हे प्रश्न उपस्थित व्हावेत, हे लक्षणीय आहे.

निष्कर्ष

१. कोल्हापूर खटल्यातील पत्र खोटे होते आणि चिंता रास्त होती. इंग्लंडमधील ध्वनिसंदेश खरे होते, पण मिळवण्याचा मार्ग अपराधाचा होता. 'पेड न्यूज'च्या आरोपात मजकुराचे रूपच फसवे होते, जाहिरात बातमीच्या वेषात आली होती. तिन्ही प्रकारांत वाचकाला एकच गोष्ट नाकारली गेली. समोरचा मजकूर कोठून व कसा आला, हे त्याला कळले नाही.

२. सार्वजनिक हिताचा हेतू वृत्तपत्राला बळ देतो. पडताळणीपासून मुक्ती देत नाही. १८८२ च्या खटल्याचा हा अर्थ राजद्रोहाच्या खटल्यांपासून वेगळा करून शिकवला गेला पाहिजे. त्याने टिळक-आगरकरांच्या कार्याला उणेपणा येत नाही.

३. वृत्तपत्रांची चौकशी सरकारच्या हाती देणे धोक्याचे आहे, हे आणीबाणीने दाखवले. ती केवळ वृत्तपत्रव्यवसायाच्या हाती ठेवणे अपुरे आहे, हे २०१० च्या कौन्सिलने व २००९ च्या इंग्लंडमधील तक्रार आयोगाने दाखवले. म्हणून चौकशी कोणी केली यापेक्षा ती किती उघडपणे झाली, ही कसोटी अधिक विश्वासार्ह ठरते.

कोल्हापूर खटला खुल्या न्यायालयात चालला, म्हणूनच ती पत्रे बनावट होती हे आजही सांगता येते. १४० वर्षांपूर्वीचे सत्य त्या उघड सुनावणीमुळे टिकून राहिले. आजच्या वाचकाचाही तेवढाच हक्क आहे. त्याच्या नावाने लिहिणाऱ्यांविषयी जे चौकशीत सिद्ध होईल, ते त्याला संपूर्ण वाचावयास मिळाले पाहिजे.